खाऱ्या रेतीचं खळं

देवबागात कुणाच्या घरी कार्य असलं, की मोठा टोप चुलीवरून उतरवण्याआधी कुणीतरी हाक घालायचंच, "सुभद्राकाकीक बोलवा, मीठ बघूक." सुभद्राकाकी यायची, पदराला हात पुसायची, डावातला रस तळहातावर घेऊन जिभेला लावायची आणि एकच शब्द बोलायची. 'होया' म्हणजे अजून हवं, 'बस' म्हणजे पुरे. त्यावर अपील नव्हतं. नैवेद्याचं असेल तर चाखायची सोय नाही, मग ती नुसत्या वाफेवर सांगायची, आणि तेही सहसा चुकायचं नाही. निम्मा जन्म तिनं बांगडे खारवण्यात घालवला होता. नवरा बोटीवर, वर्षातून दोन महिने घरी, उरलेले दहा महिने घरात ती, मुलगा धनेश आणि मिठाची पिंपं. नवरा गेला, पिंपं गेली, धनेश ठाण्याला जाऊन चांगल्या नोकरीला लागला, जीभ तेवढी राहिली.

अशा बाईला रेतीतल्या मिठानं फसवावं, ही गोष्ट सांगताना सांगणाऱ्याचंही डोकं फिरतं. पण तिला मिठानं फसवलं नाही, माणसांनी फसवलं, आणि मिठानं उलट खरं सांगितलं. तेव्हा रागही योग्य ठिकाणीच काढलेला बरा.

एकोणसत्तराव्या वर्षी काकीच्या गुडघ्यांनी हात वर केले. मालवणच्या डॉक्टरनं वॉकर दिला. घरात लादी, तिथं वॉकर छान चालायचा. पडवीची पायरी उतरली की संपलं. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मध्ये नुसती रेती. पूर्वी दर दिवाळीआधी काकी तांबडी माती आणवून अंगणात पसरायची, पेटण्यानं चोपून चोपून घट्ट करायची, वर शेणाचा हात फिरवायची. तिचं खळं, म्हणजे घरापुढचं हे अंगण, अख्ख्या वाडीत नावाजलेलं. पण गुडघे गेल्यापासून चोपणार कोण? एका पावसाळ्यात माती वाहून गेली आणि रेती वर आली. वॉकरचे पाय तिच्यात टाचभर रुतायचे.

पडवीपासून तुळस अकरा पावलं आणि रस्त्याकडचं बेडं, म्हणजे फाटक, चाळीस पावलं. दोन वर्षं ती चाळीस पावलं तिला मुंबईपेक्षा लांब झाली होती. सकाळी मासेवाली बेड्याशी टोपली उतरवून हाक द्यायची, आणि शेजारची शेवंती आपल्याबरोबर काकीचेही मासे घ्यायची. शेवंती मनानं सोन्यासारखी, पण माशातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. डोळे बसलेले बांगडे कौतुकानं आणून द्यायची. त्या दिवशी काकीचं अर्धं जेवण पानात राहायचं. आयुष्यभर दुसऱ्यांचे मासे पारखलेल्या बाईनं स्वतःच्या ताटातला मासा दुसऱ्याच्या पसंतीनं खायचा, हे तिला गुडघ्यांपेक्षा जास्त दुखत होतं. आपल्या पायांनी बेड्यापर्यंत जावं आणि आपल्या हातानं मासा उचलून बघावा, एवढंच तिला आता उरल्या जन्मात हवं होतं.

धनेशला फोनवर तिनं हे सांगितलं तेव्हा तो लगेच म्हणाला, "आई, काँक्रीटच करून घेऊ की. खळं पण आणि बेड्यापर्यंत वाट पण. गाडीसुद्धा आत येईल. खर्चाचं माझ्यावर सोड, मी गुरूशी बोलतो."

काकीला त्या दिवशी मुलाचा फार अभिमान वाटला. शेवंतीला तिनं हे तीन वेळा सांगितलं.

गुरू म्हणजे गुरुप्रसाद. धनेशचा शाळासोबती. त्याच्या घरी तेव्हा हातातोंडाची गाठ नसायची, म्हणून शाळेतून येताना तो धनेशबरोबर इथंच यायचा आणि पडवीत बसून दोन वाटग्या पेज ओरपायचा. आता त्याच्याकडे स्वतःचा मिक्सर होता, सात-आठ माणसं होती. देवबागात घरोघरी पर्यटकांसाठी खोल्या निघाल्या, तशा त्यांच्या गाड्यांच्या वाटा आणि अंगणं काँक्रीटची झाली, आणि त्यांतली निम्मी गुरूनं केली होती. तो फीत घेऊन आला, मापं घेतली, आणि तुळशीभोवती वीतभर माती मोकळी सोडायचं स्वतःहून बोलला. वाटेच्या कडेनं काकीला धरायला लोखंडी पाइपाचा कठडाही देतो म्हणाला.

"रेती खंयची घालतलंस?" काकीनं एवढंच विचारलं. हा प्रश्न देवबागात कुणीही विचारील. पुळणीवरची, म्हणजे समुद्रकाठची, रेती दारातच पडलेली असते, फुकट आणि हवी तेवढी, आणि तिनं काय होतं ते इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. खार सुटतो, लोखंड सडतं, सिमेंट धरत नाही.

"वरची गो काकी. वालावलच्याय वरसून, गोड्या पाण्यातली," गुरू म्हणाला. "तुझ्या खळ्यात मी पुळण घालीन काय?"

काम सुरू करायच्या दिवशी राखणदाराच्या दगडापुढे नारळ ठेवला. ही इथली रीत. जमिनीत कुदळ घालायची तर त्या जागेच्या राखणदाराला सांगितल्याशिवाय घालायची नाही. घरात पुरुष माणूस नव्हतं, म्हणून गाऱ्हाणं गुरूनंच घातलं. हात जोडून, डोळे मिटून, खड्या आवाजात.

"बा देवा राखणदारा, म्हाराजा, आज ह्या लेकरान तुझ्या जाग्यात काम काढल्यान आसा, म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा," काकी आणि शेवंती म्हणाल्या.

"ता कसलां विघ्न न येता पार पाड, म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा."

"आणि हातून काय चुकला-माकला तर पदरात घे, म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा."

काकीच्या डोळ्यांना पाणी आलं. तिच्या दृष्टीनं करार झाला. कागद करायचा, दोन माणसांना विचारायचं, भाव काढायचा, हे सगळं परक्यांसाठी. ज्यानं आपल्या राखणदारापुढे गाऱ्हाणं घातलं, त्याच्याशी आणखी काय बोलायचं? खाल्ल्या मिठाला पोरगा जागतोय, असं तिला मनापासून वाटलं. चूक झाली ती इथं. आणि दुसरी चूक झाली त्यानंतर तीन दिवसांनी.

त्या दिवशी डंपरनं बेड्याशी रेती ओतली. काकी पडवीतून बघत होती. रेती तिला जरा जास्तच पांढरी वाटली, आणि उन्हात तिच्यात काहीतरी चमकत होतं. गुरूच्या एका गड्यानं घमेल्यात रेती भरून पडवीजवळून नेली, तेव्हा काकीनं त्याला थांबवलं आणि चिमूटभर उचलली. शिंपल्यांचे बारीक तुकडे बोटांना टोचले. तिचा हात सवयीनं तोंडाकडे गेला.

गुरू खळ्यातून बघत होता. तो हसला, पण आवाजात दुखल्यासारखं काहीतरी होतं. "काकी, माझ्यार इस्वास नाय तुझो? डंपरात काल पुळण भरललीन कोणीतरी, तेचे शिंपले आसत ते."

काकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला आपण पेज वाढली त्याच्या रेतीचं मीठ आपण बघतोय, तेही त्याच्या माणसांदेखत. गाऱ्हाणं घालून तीन दिवस झाले नाहीत आणि ही आपली नियत. तिनं बोटं झटकली. "तसा नाय रे बाबा," ती म्हणाली, "सवय ही," आणि गड्यांना चहा ठेवायला आत गेली.

ओतलेल्या काँक्रीटवर सात दिवस पाणी मार, असं गुरूनं सांगितलं होतं. काकीनं एकवीस दिवस मारलं. पडवीत खुर्ची टाकून, नळी हातात धरून, सकाळ-दुपार-संध्याकाळ. विहिरीचं गोडं पाणी, उन्हाळ्याचे दिवस, तरी हात आखडला नाही. शेवंती म्हणायची, "काकी, लेकराक न्हाणयल्यासारखी न्हाणयतंस मां ह्या खळ्याक." काकी हसायची. खळं राखाडी, गुळगुळीत, कडेला सरळ पट्टी मारलेलं. कठड्याला हिरवा रंग.

बाविसाव्या दिवशी ती वॉकर घेऊन निघाली. तुळशीपाशी थांबली, पाणी घातलं, मग कठडा धरून पुढे. चाळीस पावलांना तिला पंधरा मिनिटं लागली. बेड्याशी पोचली तेव्हा मासेवाली टोपली उचलायच्या बेतात होती. काकीला बघून तिनं ती परत खाली ठेवली. काकीनं एका बांगड्याचे कल्ले उघडून बघितले, बाजूला टाकला. दुसरा बघितला, टाकला. तिसरा घेतला. मासेवाली म्हणाली, "इली परत कटकट." दोघी पोटभर हसल्या. त्या दुपारी काकीच्या पानात काही उरलं नाही. रात्री धनेशला फोन करून तिनं सांगितलं, की बाबा, तू मला पाय दिलेस. धनेश म्हणाला, "अगं, त्यात काय एवढं."

पूर्ण मे महिना ती रोज गेली. तो महिना तिच्या नावावर जमा आहे, तो कुणाला काढून घेता येणार नाही.

पाऊस लागला आणि खळ्यावर पांढरे डाग उठले. शेवंती म्हणाली, पावसाचे असतील. ऊन पडलं तरी खळं ओलंच राहायचं. मग पापुद्रे सुटायला लागले. झाडलं की सुपलीत रेतीच रेती. आषाढात बेड्याजवळ खड्डा पडला आणि वॉकरचा पाय त्यात जायला लागला. काकीला तेव्हाच कळलं नसेल असं नाही. पण जे कळलं तर सोसणार नाही ते माणूस कळून घेत नाही. तिनं गुरूला दोनदा फोन केला, तो म्हणाला, "पाऊस उणावांदे गो, बघतंय."

श्रावणातल्या एका सकाळी ती बेड्याकडून परत येत होती. अर्ध्या वाटेवर तिनं कठड्यावर भार टाकला आणि कठड्याचा खांब मुळासकट उपटून आला. धरलेल्या हातासकट काकी आडवी झाली. मनगटात काहीतरी मोडल्याचं तिला ऐकूच आलं. शेवंती बाजाराला गेलेली, रस्त्यावर कोणी नाही. काकी त्या खळ्यात उठून बसली आणि खांब उपटला होता त्या भोकाकडे बघत राहिली. आतून काँक्रीट भुगा होऊन पडत होतं. तिनं धड हातानं आतला एक खडा उचलला. या वेळी तिला बघणारं कोणी नव्हतं. तिनं तो जिभेला लावला.

खारट. अख्खा पावसाळा पिऊनही खारट.

मनगटाची कळ डोक्यात जात होती, पण ती रडली ती त्यासाठी नाही. तिला स्वतःची लाज वाटत होती. अख्ख्या गावाच्या टोपातलं मीठ बघितलं, आणि स्वतःच्या खळ्याचं बघायला आपण लाजलो. तासाभरानं शेवंती आली आणि तिनं बोंबाबोंब करून माणसं जमवली.

प्लास्टर घातलं. पुन्हा पडवी, पुन्हा खुर्ची, पुन्हा शेवंतीचे बांगडे. धनेश फोनवर फार हळहळला. "म्हणूनच सांगतो आई, तिथं एकटीनं राहू नकोस. ठाण्याला ये." काकीनं त्याला खारट खड्याचं सांगितलं नाही. बिचाऱ्यानं हौसेनं करून दिलं, त्याला कशाला वाईट वाटायला लावा.

गुरूला मात्र तिनं बोलावणं धाडलं. तो चार दिवस लपला आणि पाचव्या दिवशी आला. काकीनं तो खडा जपून ठेवला होता. तिनं तो पडवीच्या कट्ट्यावर त्याच्यापुढे ठेवला.

"चाख," ती म्हणाली.

गुरूनं खड्याला हात लावला नाही. तो म्हणाला, "काकी, माझा चुकला. पण सगळा माझ्या एकट्याच्या माथ्यार मारू नको."

"आणि कोणाच्या मारू?"

"धनेशान सांगितल्यान."

काकीला वाटलं, हा आता खोटंही बोलायला लागला. ती त्याला नको नको ते बोलली. पेजेपासून सुरुवात केली आणि त्याच्या आईपर्यंत गेली. गुरूनं सगळं ऐकून घेतलं. मग खिशातून फोन काढला, त्यात बराच वेळ काहीतरी शोधलं, आणि फोन तिच्या कानाजवळ धरला.

फोनमध्ये धनेश बोलत होता, काम सुरू व्हायच्या आधी पाठवलेला आवाजी निरोप. आईशी तो हल्ली ठाण्याची शुद्ध मराठी बोलायचा, मुलांना सवय लागावी म्हणून. गुरूशी मात्र अजून अस्सल मालवणी. आपल्या लेकाच्या तोंडची मालवणी ऐकून काकीचा चेहरा क्षणभर उजळलासुद्धा.

"गुऱ्या, तू उगाच इचार करतंस. वरची रेती नको आणि काय नको, थयलीच पुळण घाल. अरे, आवस चालान चालान कितीशी चालतली? तुळशीपर्यंत. दोन पावसाळे काढल्यान तरी बस झाला. मगे ता सगळा फोडूचाच आसा. थय पर्यटकांक रूम काढूचे आसत, आवशीक मी हयसर ठाण्याक घेऊन येतलंय. तिका आताच कायेक बोला नको."

आवाज थांबला. "परत लाव," काकी म्हणाली. गुरूनं परत लावला. यावेळी तिचा चेहरा उजळला नाही.

"मी तेका सांगललंय काकी, पुळण टिकाची नाय म्हणान," गुरू म्हणाला. "तो म्हणालो, तुका काय करूचा आसा."

"तेका सांगलंस. माका कित्याक नाय सांगलंस?"

"तेना नको म्हटल्यान."

"आणि पेज तुका कोणी वाढली? धनेशान?"

चांगली रेती आणून सगळं परत करून देतो, तुला एक शब्द बोलायला लागणार नाही, असं गुरू म्हणत राहिला. काकीला आठवलं, की गाऱ्हाण्यात त्यानं रेतीचं नाव काढलंच नव्हतं. चुकलं-माकलं पदरात घे, असं मात्र म्हणाला होता, आणि त्या माफीला 'व्हय म्हाराजा' तिनंच म्हटलं होतं, डोळ्यांत पाणी आणून. तिनं त्याला जायला सांगितलं.

चतुर्थीला दहा दिवस होते. ते दहा दिवस काकीनं कसे काढले ते तिला माहीत. शेवंतीलाही ती काही बोलली नाही. आपल्याच मुलाची गोष्ट, कुणाच्या दारात जाऊन सांगणार? राग गुरूचा येत होता, पण गुरूचा राग सोपा होता. लेकाचा राग धरायचा तर धरायला जागाच सापडत नव्हती. रात्री कूस बदलली की मनगट दुखायचं, आणि आईबद्दलचं ते एक वाक्य यायचं, आवस चालान चालान कितीशी चालतली. पडवीत बसून ती बेड्याकडे बघायची आणि पावलं मोजायची. शेवटी तिनं मनाशी एवढंच ठरवलं, की त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं तर विषय संपला. नुसतं 'आई, चुकलो' म्हणाला तरी पुरे. आई होती, माफ करायला तिला निमित्तच हवं होतं.

धनेश गणपतीला आला. गाडी त्यानं बेड्याबाहेरच लावली, कारण आत आणण्यासारखी वाट उरली नव्हती. आईच्या प्लास्टरवरून हात फिरवला, डोळे पुसले. खरंच पुसले, तो काही दुष्ट माणूस नव्हता, आणि तेच वाईट होतं. पहिला दिवस गणपतीवर फळापानांची माटोळी बांधण्यात, आरासीत गेला. काकी वाट बघत होती. रात्री जेवण झाल्यावर तो तिच्याजवळ येऊन बसला, तेव्हा तिला वाटलं, आता बोलेल. तो मुलांच्या शाळेचं बोलला.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपल्यावर तो खळ्यात उतरला. काकी पडवीच्या पायरीशी वॉकर धरून उभी होती. धनेशनं चपलेच्या टोकानं एक पापुद्रा उडवला, उपटलेल्या खांबाच्या भोकात वाकून बघितलं आणि मान हलवली.

"गुरूनं फसवलं आपल्याला, आई," तो म्हणाला. "शाळेपासूनचा मित्र, पण धंद्यापुढे कसली मैत्री. मी बघतो त्याच्याकडे. पण तोवर तू ठाण्याला चल. असल्या खळ्यात तुला एकटीला ठेवून मला तिकडे झोप कशी लागेल?"

काकीनं त्याचं सगळं बोलणं संपू दिलं.

"गुरून तू सांगितलंस तसांच केल्यान," ती म्हणाली.

धनेशनं वर बघितलं.

"तुझो आवाज ऐकलंय मी तेच्या फोनात. दोनदा. आवस कितीशी चालतली, दोन पावसाळे बस झाले, असां म्हटललंस मां? हो पयलो. अजून सरूक नाय."

आतून मुलांचा आवाज येत होता, कुणीतरी टाळ वाजवत होतं. मग धनेश पायरीजवळ आला आणि म्हणाला, "आये…" ही हाक त्यानं वीस वर्षांत मारली नव्हती. "आये, माझा तसा नाय हुता गो मनात."

काकीनं त्याच्याकडे नीट बघितलं. या बोलीत तो खरं बोलतो तेव्हा कसा बोलतो, हे तिला आता माहीत होतं.

"मी ठाण्याक येवचंय नाय," ती म्हणाली. "दुसरो पावसाळो हयच काढतलंय. मगे काय ता फोड."

आणि वॉकर वळवून ती पानं वाढायला घरात गेली.